सरकार नको म्हणणारी बाई

स्पॅनिश मी पोटासाठी शिकले. डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंग बनवणाऱ्या एका कंपनीत मी एक्स्पोर्टच्या टेबलावर होते. आमचा रंग मेक्सिको, कोलंबिया, पेरू असल्या देशांतल्या कापडगिरण्यांना जायचा आणि तिकडून येणारे टेलेक्स ऑफिसात कुणालाच वाचता यायचे नाहीत. एक दिवस शेठनी विचारलं, "कोण शिकणार ही भाषा?" लग्न न झालेली मी एकटीच, म्हणजे संध्याकाळी रिकामी असणारीही मीच, असं सगळ्यांनी परस्पर ठरवलं. ही पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. ऑफिस सुटल्यावर फोर्टातल्या क्लासला जायचं आणि परत यायचं, यात दोन-तीन वर्षं गेली. भाषा आली. तिचा उपयोग एवढाच, की अमुक ड्रम उशिरा पोचले, तमुक रंग कापडावर धरत नाही, याच्या तक्रारी मला दुसऱ्या कुणाच्या आधी कळायच्या.

त्याच काळात मी ताईंबरोबर वाडीवर जायला लागलेले. ताई आम्हाला शाळेत इतिहास शिकवायच्या. तेव्हा मी त्यांना बाई म्हणायचे, पुढे वाडीत सगळे ताई म्हणतात म्हणून मीही तसंच म्हणायला लागले. नोकरी सोडून त्या ठाण्याला बाळकुममध्ये एकट्याच राहायच्या, आणि मुरबाडच्या पुढे डोंगराच्या पोटाशी ठाकर आदिवासींची एक वाडी होती, तिथे त्यांचं सगळं काम चालायचं. रविवारी सकाळी आम्ही कल्याणच्या एसटी स्टँडवर भेटायचो आणि मुरबाडची गाडी पकडायचो. तिथून पुढे जीप मिळाली तर जीप, नाहीतर चालत.

वाडीचं भांडण जुनं होतं. डोंगरउतारावरच्या हलक्या, वरकस जमिनी हे लोक आजे-पणजे कसत होते, पण कागदावर ते जंगल होतं. दर पावसाळ्याच्या तोंडाशी फॉरेस्टचे लोक यायचे, नाचणीची रोपं उपटायचे, कोयते-कुऱ्हाडी जप्त करायचे. आणि ग्रामपंचायत होती खालच्या मोठ्या गावात. रस्ता, पंप, दिवा जे काय यायचं ते खालीच अडायचं. वाडीचे लोक तिथल्या सभेला गेले तर बाहेर ओट्याखाली बसायचे आणि सही-अंगठ्यापुरते आत बोलावले जायचे. शेवटी त्यांनी ठरवलं की खालच्या सभेला जायचंच नाही. आपली सभा आपल्या मांडवात, आपल्या वाडीचं आपण ठरवायचं. ठरवायला काय, त्यांच्या हातात फारसं नव्हतंच. कुणाची गुरं कुणाच्या शेतात शिरली, लाकूड कुठलं तोडायचं, कुठलं राखायचं, तारखेला ठाण्याच्या कोर्टात कोण जाणार. पण ते ते स्वतः ठरवायचे. ही सभा चालवायची एक पन्नाशीची विधवा. तिला चेष्टेनं सगळे कारभारीण म्हणायचे, आणि ती कारभारीणच होती.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत पेपरात आतल्या पानावर एक बारकी चौकट आली. मेक्सिकोच्या दक्षिणेला, चियापास नावाच्या डोंगराळ भागात, माया आदिवासी शेतकऱ्यांनी उठाव करून काही शहरं ताब्यात घेतली. बाबांनी ती मोठ्यानं वाचली. "तुझ्या गिऱ्हाइकांचा देश ना हा?" म्हणाले. पुढच्या आठवड्यात ताई स्वतः डोंबिवलीला आल्या. त्यांच्या मुंबईच्या कुणा ओळखीच्यांकडे तिकडून स्पॅनिश पत्रकं यायला लागलेली, त्यांच्या झेरॉक्स त्यांनी माझ्यापुढे ठेवल्या.

"अगं, तुला येतं ना? कर मराठीत."

"ताई, मला ड्रमचं आणि डागांचं स्पॅनिश येतं."

"येईल. शब्दकोश घे."

ते वर्ष-दोन वर्षं ऑफिसातून आल्यावर मी ती पत्रकं मराठीत करत बसायचे. थकवा यायचा. त्यात एकच गोष्ट वेगवेगळ्या सालांच्या खाली पुन्हा पुन्हा यायची. गोऱ्यांनी खालच्या सुपीक जमिनी घेतल्या, हे लोक डोंगरात वर सरकले. मग तिथेही कॉफीचे मळे आले आणि हे त्या मळ्यांवर मजूर झाले. दोन-तीनशे वर्षांत किती वेळा उठले आणि किती वेळा मोडले गेले. या शतकात तिथे क्रांती झाली, तेव्हा गावाची सामाईक जमीन विकता येणार नाही असा कायदा आला होता. तो अलीकडेच सरकारनं बदलला, आणि शेजारच्या बड्या देशाबरोबर व्यापाराचा करार केला. करार लागू झाला त्याच दिवशी हे लोक तोंडाला फडकी बांधून खाली उतरले. लढाई दहा-बारा दिवस चालली. त्यानंतर बोलणी, सैन्याचे तळ, पुन्हा बोलणी. त्यांचं मागणं होतं की आमच्या गावांचा कारभार आम्ही करू.

मी केलेलं ताई वाडीच्या मांडवात वाचून दाखवायच्या. पहिल्यांदा वाचलं तेव्हा एका म्हाताऱ्यानं विचारलं, "त्यांच्यात फॉरेस्टवालं हायत का?"

"असतीलच की," ताई म्हणाल्या.

"मंग खरा हाय," म्हातारा म्हणाला.

पुढे शहाण्णवच्या सुमाराला, भात झोडून झालेलं असताना, ताईंचा ऑफिसात फोन आला. चियापासमधल्या दोन बायका कुठल्याशा परिषदेसाठी भारतात आल्या आहेत, दिल्ली, भोपाळ, पुणे करून मुंबईला येताहेत. दोन दिवस आपल्याला मिळाले आहेत. एक दिवस वाडी, दुसऱ्या दिवशी ठाण्यात जाहीर कार्यक्रम. "रात्री तुझ्याकडे राहतील. तुझ्याशी बोलता येईल त्यांना."

त्यांना घ्यायला मी कल्याण स्टेशनात गेले. दोघी बाकावर बसलेल्या. थोरली माझी आई असती तर तिच्या वयाची, ठेंगणी, करड्या केसांच्या दोन वेण्या, काळ्या लोकरीचा जाड घागरा, पायात प्लास्टिकच्या चपला. धाकटी पंचविशीची, जीन्स घातलेली. ती शहरातल्या एका शाळेत शिकवायची. मी तयार करून ठेवलेलं स्वागताचं वाक्य म्हटलं. धाकटीनं हसून उत्तर दिलं. थोरलीनं माझ्याकडे पाहिलं आणि धाकटीला काहीतरी विचारलं, ते स्पॅनिश नव्हतं.

"तिला स्पॅनिश थोडंच येतं," धाकटी म्हणाली. "तिची भाषा त्सोत्सिल. मी सांगेन तुला."

म्हणजे तिचं बोलणं दोन भाषा ओलांडून मराठीत येणार होतं. मला आत्ताच दमायला झालं.

"काय म्हणाली ती?" मी विचारलं.

"विचारतेय, आजही भाषण करायचंय का."

मुरबाडच्या गाडीत थोरली खिडकीशी बसली आणि कल्याणची हद्द संपायच्या आत झोपली. डोकं गजावर आपटत होतं तरी उठली नाही. धाकटी सांगत होती, तीन आठवडे झाले, रोज नवीन गाव, रोज हॉल, रोज तेच प्रश्न. किती बंदुका होत्या, भीती वाटली का. थोरलीला घरून निघायचंच नव्हतं. गावाच्या सभेनं ठरवलं म्हणून आली.

वाडीत मांडव झाडून ठेवलेला. पोरीबाळींनी फुलं आणलेली. ताईंनी आधी थोडं बोलून घेतलं आणि मग थोरलीला बोलायला सांगितलं. ती उभी राहिली, हात घागऱ्यावर ठेवून, जमिनीकडे बघत बराच वेळ बोलली. मग धाकटीनं मला स्पॅनिशमध्ये जे सांगितलं ते तीन वाक्यांत संपलं. त्यात एक शब्द होता, तो मी पत्रकांमधून शंभरदा केलेला. मी मराठीत म्हटलं, "या म्हणतात, आम्ही स्वायत्ततेसाठी लढतो आहोत."

मांडवातली तोंडं माझ्याकडे बघत राहिली. कारभारीण म्हणाली, "बाय, ती एवढी बोलली आन् तू एवढासाच सांगतंस?"

मला राग आला नाही, लाज वाटली असंही नाही, फक्त पाय दुखत होते. मी धाकटीला म्हटलं, "तो शब्द सोड. ती काय म्हणाली ते सगळं सांग, हळूहळू." धाकटी मांडी घालून बसली, मीही बसले, आणि मग थोरलीही खाली बसली. तिथून पुढे ते भाषण राहिलं नाही.

ती म्हणत होती: आमच्या डोंगरात आम्ही सरकारचं काही घेत नाही. शाळा आमची, मास्तर आमच्यातलाच पोरगा. औषध देणारी बाई आमच्यातलीच. भांडण झालं तर सभा निवाडा करते, खाली शहरात जायचं नाही. दारू बायकांनी बंद केली. सरकारचे लोक छपरावर घालायचे पत्रे घेऊन येतात, कोंबड्या, साबण, पैसे घेऊन येतात. आम्ही परत पाठवतो.

मी हे सांगितलं तशी मांडवात कुजबुज सुरू झाली. कारभारीण पुढे सरकली.

"तिला इचार, रेशनबी नाय घेत?"

"नाही घेत."

"पंप दिला तर?"

"नाही."

"मंग आमाला काय सांगायला आली ती?" एक तरणा माणूस मागून म्हणाला. "आमी बारा वरसं सरकारच्या मागं लागलोय, पंप द्या, सातबारा द्या, रस्ता द्या. ती म्हणतं देलं तरी घेऊ नका."

ताईंना ते आवडलं नाही. त्या म्हणाल्या, "तसं नाही रे, त्यांचा संदर्भ वेगळा आहे." पण कारभारणीनं हात वर करून त्यांना थांबवलं. "ऱ्हाऊ द्या ताई. बरोबर बोलला तो. तिला सांग बाय, तो काय बोलला ते."

मी सांगितलं. धाकटीनं पुढे सांगितलं. थोरली पहिल्यांदाच त्या तरण्या माणसाकडे नीट बघून बोलली.

"आम्हीपण मागितलं. माझा बाप मागत मागत मेला. आम्ही कागद घेऊन राजधानीपर्यंत चालत गेलो. एका साहेबानं दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे. शेवटी मागायचं थकलो. लढायची हौस नव्हती आम्हाला, आम्ही थकलो होतो."

"आता बरा हाय का?" कारभारणीनं विचारलं.

"नाही," थोरली म्हणाली. "आम्ही कपडे धुतो त्या ओढ्याच्या वर सैन्याचा तळ आहे. बायका एकट्या जात नाहीत. औषध पुरत नाही. पण पूर्वी शहरात गेलो की आम्हाला फुटपाथवरून खाली उतरावं लागायचं. समोरून शहरातला माणूस आला की आम्ही रस्त्यावर. आता उतरत नाही."

हे मी मराठीत सांगितल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कारभारणीनं पदर तोंडाशी धरला आणि नुसती मान हलवली. मग म्हणाली, "तिला चा द्या रं."

चहानंतर ताई आणि पुरुषमंडळी मांडवातच बसली. थोरली मात्र उठून बायकांच्या मागं गेली. घरांच्या मागे डोंगरातून आणलेल्या लाकडाच्या मोळ्या पडल्या होत्या. तिनं एक उचलून बघितली, डोक्यावर घ्यायला गेली आणि ती सरळ पाठीवरून घरंगळली. बायका खदखदून हसल्या. मग तिनं दोरी मागितली. दोरीला मधोमध फडकं गुंडाळलं, मोळी पाठीवर टेकवली, फडकं कपाळाला लावलं आणि पुढे वाकून चालून दाखवलं. तिच्याकडे ओझं असंच नेतात. कारभारणीनं ते करून पाहिलं.

"मान मोडंल माझी," ती म्हणाली.

थोरलीनं आपली मान चोळून दाखवली. तिचीही मोडलेलीच होती. मग दोघी एकमेकींना कुठे कुठे दुखतं ते दाखवत बसल्या. मान, कंबर, गुडघा. त्याला माझी गरज लागली नाही, म्हणून मी एका ओट्यावर टेकले. त्या दिवसातला तेवढाच वेळ मला विसावा मिळाला.

डोंबिवलीला परतलो तेव्हा तिन्हीसांजा झालेल्या. आमच्या घराकडे वळताना नाल्यावरच्या पुलाशी थोरली थांबली. त्या दिवशी पाणी गुलाबी होतं. "यात काय पडलं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, रंग. "कुणाचा?" मी म्हटलं, इथल्या कंपन्यांचा, आमचाही असेल. मी रोज त्या पुलावरूनच पगाराला जात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठेना. अंगात ताप नव्हता. धाकटीनं हलवलं तर डोळे उघडून दोन शब्द बोलली आणि कूस बदलली.

"काय म्हणते?"

"म्हणते, आज नको."

मी खाली पीसीओवर जाऊन ताईंना फोन केला.

"नको म्हणजे काय?" ताई म्हणाल्या. "अगं, हॉल घेतलाय. पेपरवाले येणारेत. लोक तिला बघायला येणारेत."

"ताई, ती झोपलीय."

"उठव की मग."

"मी नाही उठवणार."

त्यांच्याशी असं मी कधी बोलले नव्हते, शाळेतही नाही. मग त्या कोरड्या आवाजात म्हणाल्या, "ठीक आहे. धाकटीला घेऊन ये," आणि फोन ठेवला.

बाबा घरी थांबले. ते अंबरनाथकडच्या एका कारखान्यात फिटर होते. ऐंशीच्या दशकात तिथे मोठा संप झाला, चिघळला, आणि तो संपल्यावर ज्यांना परत घेतलं नाही त्यांच्यात बाबा होते. त्यानंतर ते फारसे कुठे जायचे नाहीत. त्यांनी पाहुणीच्या खोलीचं दार लोटून घेतलं, रेडिओ बंद केला आणि गॅलरीत खुर्ची टाकून बसले. शेजारची मंडळी मेक्सिकोची बाई बघायला आली, त्यांना बाहेरूनच "झोपलीय, झोपलीय" म्हणून परतवलं.

ठाण्याच्या हॉलमध्ये बरेच लोक होते. धाकटी चांगलं बोलली, मीही बरं केलं. प्रश्न तेच आले, बंदुकांचे. एका फोटोग्राफरनं मला विचारलं, "मॅडम, त्यांना जरा तो रुमाल बांधायला सांगा ना तोंडाला. म्हणजे फोटोत कळेल."

मी धाकटीला सांगितलं. ती हसली. "इथे मला कोण ओळखतं? इथे कशाला झाकू?"

फोटोग्राफरनं फोटो काढलाच नाही. ताई माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. सगळं आटपल्यावर खुर्च्या उचलताना मात्र जवळ येऊन म्हणाल्या, "जेवली का ती?" त्यांचे डोळे लाल झालेले. त्याही किती दिवस नीट झोपल्या नसतील, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

घरी आलो तर थोरली उठून, अंघोळ करून, बाबांसमोर स्वयंपाकघरात बसलेली. दोघांमध्ये मेथीची जुडी होती आणि दोघं निवडत होती. जेवताना बाबा म्हणाले, "तिला एक विचार."

"काय?"

"त्यांच्यात फूट पडली का?"

एवढ्या गावांत, एवढ्या हॉलमध्ये हा प्रश्न तिला कुणी विचारला नसावा. धाकटीनं तो त्सोत्सिलमध्ये सांगितला तसा थोरलीचा हात ताटावर थांबला. मग ती बोलायला लागली, धाकटी मध्येमध्ये मला देत गेली.

तिचा सख्खा भाऊ सरकारच्या बाजूला गेला होता. त्याचं घर गळत होतं, पोरं लहान होती. सरकारचे लोक पत्रे घेऊन आले तेव्हा त्यानं घेतले. एवढंच झालं आधी. मग त्याला सभेत बोलावणं बंद झालं. मग तो दुसऱ्या सभेला जायला लागला. आता त्या बाजूच्या लोकांकडे बंदुका आल्या होत्या, कुणी दिल्या ते सगळ्यांना ठाऊक होतं. दोघांची घरं एका पायवाटेवर. ती जाते तेव्हा तो आत जातो.

"पत्रे घेतले यात त्याचं काय चुकलं?" ती म्हणाली. "पण मग माझंपण काय चुकलं?"

बाबांनी मान हलवली. "आमच्याकडे माझा जोडीदार होता," ते म्हणाले, "एका मशीनवर चौदा वर्षं काढली. पोरीचं लग्न होतं, तो आत गेला कामाला. मी गेटवर होतो." मी एवढंच स्पॅनिशमध्ये सांगितलं. पुढे त्सोत्सिलमध्ये जाताना त्यातलं काय उरलं कुणास ठाऊक. पण थोरलीनं भाजीचं भांडं उचललं आणि बाबांना वाढलं, आमच्याच घरात, आमचीच भाजी. बाबांनी संपाबद्दल माझ्यासमोर काढलेली ती पहिली गोष्ट.

सकाळी त्या गेल्या. विमानतळावर सोडायला मुंबईचं कुणीतरी आलं.

पुढच्या वर्षात वाडीतही तेच झालं. खालच्या गावच्या सरपंचानं निरोप पाठवला, जे खालच्या सभेला येतील त्यांना घरकुलं मिळतील. चार-सहा घरं गेली. मांडवातल्या त्या तरण्या माणसाचं घर त्यांच्यात पहिलं होतं. त्यांच्या भिंती उठायला लागल्या तेव्हा बाकीच्यांनी त्यांना गुरं चारायच्या पाळीतून काढलं. ताई समजावत फिरल्या, दोन्हीकडून बोलणी खाल्ली. मी दोन-दोन महिने जायचे नाही. ऑफिसात काम वाढलेलं, आणि बाबांची छाती दुखायला लागलेली.

सत्त्याण्णव संपता संपता पेपरात पुन्हा एक बारकी चौकट आली. चियापासच्या डोंगरात एका त्सोत्सिल गावात, प्रार्थनेला जमलेल्या लोकांवर सरकारच्या बाजूच्या सशस्त्र माणसांनी गोळीबार केला. मेले त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. मारणारे शेजारच्याच गावांतले. बाबांनी ती चौकट मोठ्यानं वाचली नाही. घडी करून माझ्यापुढे ठेवली.

तिच्या गावाचं नाव धाकटीनं सांगितलं होतं, पण ते मला नीट आठवेना, आणि पेपरातलं नाव तेच की दुसरं, कळेना. पुढच्या रविवारी वाडीवर गेले तर कारभारणीला ताईंकडून कळलेलं.

"आपली बाई हाय का त्यात?"

"माहीत नाही."

"मंग इचार ना. तुला भाषा येतं."

दुसऱ्या दिवशी मी शेठकडे गेले. आयएसडी फोन ऑफिसातून फक्त ऑर्डरसाठी करायचा असा नियम होता. मी खरं काय ते सांगितलं. शेठनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला. "तीच ना, जी तुमच्याकडे राहिली होती? करा," म्हणाले. "जास्त वेळ नका बोलू." आणि केबिनच्या बाहेर जाऊन उभे राहिले.

धाकटीनं जाताना शाळेचा नंबर दिलेला. तिथे कुणी उचलेना. तीन-चार दिवस सकाळी लवकर येऊन मी प्रयत्न केला, तेव्हा तिकडे संध्याकाळ असायची. शेवटी एकदा कुणीतरी उचललं आणि तिला बोलावून आणलं. लाइनवर माझाच आवाज मागून परत येत होता.

"ती आहे," धाकटी म्हणाली. "जिवंत आहे. तिचं गाव तिथून थोडं लांब. पण सगळे निघून आलेत, दुसऱ्या गावात प्लास्टिकखाली राहतात. थंडी फार आहे."

"आणि तिचा भाऊ?"

"तो त्या दिवशी तिथे होता की नव्हता, कुणी म्हणतं होता, कुणी म्हणतं नव्हता. पळून गेलाय. बायको माहेरी गेली. पोरं हिच्याकडे आहेत."

"भावाची?"

"हो. सभेत लोक रागावले तिच्यावर. ती म्हणाली, पोरांनी पत्रे नव्हते घेतले."

मी म्हटलं, थोरलीला सांग, वाडीतल्या बायकांनी विचारलंय. ती म्हणाली, सांगेन. लाइन तुटली की तिनं फोन ठेवला, कळलं नाही. पुन्हा मी लावला नाही.

वाडीवर हे सांगितलं तेव्हा कारभारीण भात पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही. पाखडतच म्हणाली, "किती पोरा?" मी म्हटलं, ते विचारायचं राहिलं. "चार तरी असतील," ती म्हणाली, आणि बराच वेळ पाखडत राहिली.

त्यानंतर दोनेक वर्षांनी वाडीतल्या काही कुटुंबांच्या जमिनी नावावर करण्यासाठी मोजल्या गेल्या. काहींच्याच. बाकीच्यांच्या तारखा चालू राहिल्या. घरकुलवाल्यांपैकी दोन घरं मांडवात परत आली, त्यांना कुणी बोलावलं नाही आणि हाकललंही नाही. वाडीला स्वतःची ग्रामपंचायत काही मिळाली नाही. ताईंचे गुडघे गेले, त्यांनी बाळकुमहून येणं थांबवलं. आमच्या कंपनीचा त्या सगळ्या देशांना जाणारा माल बंद झाला, मला अकाउंट्सला बसवलं, आणि बाबा एका सकाळी चहा पिता पिता गेले.

दोन हजार एकच्या सुमाराला मी एकदा एकटीच वाडीवर गेले. मांडवात सभा भरलेली, पूर्वीपेक्षा माणसं कमी. कारभारीण मागे खांबाला टेकून बसलेली, तिच्या जागी तिची सून बोलत होती. एकाच्या बकऱ्या दुसऱ्याच्या वालात शिरल्या होत्या. बकऱ्यावाला म्हणत होता कुंपणच नव्हतं, वालवाला म्हणत होता कुंपण बकऱ्यांनीच मोडलं. सुनेनं दोघांचं ऐकलं. मग म्हणाली, चला, वाल बघू, आणि सगळे उठून उतारावर गेले. मीही गेले. कुंपणाच्या काट्या खरंच मोडलेल्या होत्या, पण त्या जुन्या दिसत होत्या. तिथे उन्हात उभं राहून पुन्हा तेच सुरू झालं, कुणी कधी तोडल्या, कुणी बघितलं. कारभारीण खालूनच ओरडली, "अगं, काट्यांचा सांग, कोन घालनार ते सांग!" सुनेनं बकऱ्यावाल्याकडे बोट केलं. तो नाही म्हणाला. मुरबाडच्या गाडीची वेळ झालेली, मी निघाले.